राखेचा हिशेब

अणुऊर्जा स्वच्छ की घातक, या वादात चंद्रपूरचं नाव कधी येत नाही. मला मात्र तो वाद इथूनच सुरू करावासा वाटतो.

१९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. इंधन अमेरिकेचं, करार १९६३चा. १९७४ला पोखरणची चाचणी झाली आणि पुढे अमेरिकेने इंधन देण्यात हात आखडता घेतला. वापरलेल्या इंधनावर फेरप्रक्रिया करायलाही तिची संमती मिळेना. ते तारापूरलाच, पाण्याच्या हौदात पडून राहिलं. अणुकचऱ्याचा आपला पहिला पेच असा राजकारणाने घातला.

१९८३ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. इथल्या कचऱ्याचा हिशेब घरी बसूनही मांडता येतो. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे १,००० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला १६ ते १७ हजार टन. आपल्या कोळशात जवळपास तिसरा हिस्सा राखच असते. रोज ५ हजार टनांच्या वर! तेवढ्याच क्षमतेच्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीतून वापरलेलं इंधन निघतं वर्षाला २५-३० टन. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक परिसरांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं.

आकडे इथेच थांबले असते तर अणुऊर्जा सहज जिंकली असती. पण शेजारच्या गडचिरोलीची गोष्ट वेगळं सांगते. १९८०च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम ही धरणं बांधायचं घाटत होतं. वीज बिनधुराची, बिनराखेची. बुडणार होतं ते जंगल आणि माडिया-गोंडांची गावं. आदिवासी विरोधात उभे राहिले, बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. धरणं झाली नाहीत. कागदावर स्वच्छ असलेल्या विजेची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न या जंगलाने तेव्हाच विचारला होता.

अणुकचरा थोडा असतो, पण त्यातल्या प्लुटोनियम-२३९ला निम्मं व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात. त्यातला काही भाग काचेत बंदिस्त करण्याचं तंत्र आपल्याकडे आहे. कायमचा पुरायला खोल भूगर्भातली जागा अजून नाही. उद्या ती शोधायची वेळ आली, तर बोट नकाशावर कुठे टेकेल? विरळ वस्तीच्या, आवाज कमी पोचणाऱ्या जिल्ह्यांवरच, अशी मला भीती वाटते.

कोळशापेक्षा अणुऊर्जा बरी, असं माझं मत आहे. पण चंद्रपूरच्या माणसाला राखेबद्दल कुणी आधी विचारलं नव्हतं. पुढच्या प्रकल्पात वीज किती, हे सांगण्याआधी कचरा कुठे, किती काळ आणि कुणाच्या संमतीने, हे लिहून द्यावं.