साठ मतांचा पेच

फ्रेंच गणिती कोंदोर्से याच्या १७८५च्या ग्रंथातले साठ मतदारांचे उदाहरण मी कागदावर मांडून पाहिले. पसंतीक्रमांवरून जोडीजोडीने मोजले, तर ‘अ’ ‘ब’ला ३३-२७, ‘ब’ ‘क’ला ४२-१८ आणि ‘क’ ‘अ’ला ३५-२५ असे हरवतात. जिंकले तिघेही, हरलेही तिघेच! त्याची तोड अशी: सर्वांत निसटते बहुमत, इथे ३३चे, सोडून द्यावे; कारण निसटत्या बहुमतात चुकीचा संभव अधिक. मग ‘ब’ निवडून येतो. पहिल्या पसंतीची सर्वाधिक, २३ मते मिळवणारा ‘अ’ मात्र शेवटी जातो. मला हा निवाडा पटतो. पण उमेदवार तीनांहून अधिक झाले की त्याचे शब्द संदिग्ध होतात. पेटन यंग यांनी त्यांची सुसंगत उकल मांडली, ती थेट १९८८मध्ये.