काट्याची साक्ष : मोटारीच्या तापमापकाचा इतिहास

थ्रेड.

साधनचिकित्सेत पहिला प्रश्न असतो तो साक्षीदार कुठे उभा होता, हा. तो काय म्हणाला, हे नंतर. मोटारीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा विनाकारण वर-खाली होऊ लागला की नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो. इंजिन खरेच तापते आहे, की काटा खोटे बोलतो आहे? पहिल्या शक्यतेकडे दुर्लक्ष झाले तर इंजिनाचा हेड वाकतो. दुसरी लक्षात आली नाही तर चांगला रेडिएटर बदलला जातो.

१८८६ च्या बेन्झ मोटारीला तापमापक नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. तिच्यात पाणी उकळू देणे हीच इंजिन थंड ठेवण्याची रीत होती. उकळते पाणी साधारण १०० अंशांवरच राहते; कमी होते ती पातळी. म्हणूनच ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पाणी आहे की संपले, एवढाच प्रश्न होता.

हे चित्र विल्हेल्म मायबाख यांनी पालटले. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि अवघे नऊ लिटर पाणी पुरत असे. आता पाणी उकळायचे नव्हते, फिरायचे होते. त्यामुळे तापमान बदलते झाले, आणि बदलत्या गोष्टीवर नजर ठेवणे आले.

ही नजर अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांनी पुरवली. १९१२ च्या सुमारास त्यांचा ‘मोटोमीटर’ आला. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला, लाल द्रवाचा हा थर्मामीटर चालकाला बॉनेटपलीकडे दिसत असे. पुढे तो इतका मिरवला गेला की उपकरण कुठे संपते आणि अलंकार कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण व्हावे. पण एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याचे टोक पाण्यात बुडालेले नसे. ते पाण्याच्या वर, वाफेत लोंबत असे. म्हणजे पाण्याविषयी साक्ष देणारा स्वतः पाण्यात नव्हताच.

हाच दोष आजच्या गाडीत निराळ्या रूपाने परत येतो. कूलंट कमी झाले किंवा ते भरताना आत हवा अडकली की सेन्सरभोवती कधी द्रव असतो, कधी हवेचा बुडबुडा. काटा नाचतो. म्हणून पहिली तपासणी पातळीची, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा निव्वळ सावधगिरीचा रिवाज नव्हे. आतला दाब वातावरणापेक्षा एक बार जास्त असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

मोटोमीटरनंतर साक्षीदार डॅशबोर्डवर आला. एजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पॅरिसमध्ये घडवलेली वाकडी पोकळ नळी वाफेच्या इंजिनांचा दाब मोजत असे. तिलाच आता कामाला लावले गेले. पाण्यात बुडालेल्या फुग्यात ईथर, त्याच्या वाफेचा दाब बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत, आणि तिथे काटा. ही नळी फुटली तर काटा ‘थंड’वर जाऊन निवांत बसे. मेलेला साक्षीदार ‘सारे क्षेम आहे’ असे सांगे, हे मला नाचणाऱ्या काट्याहून भयंकर वाटते.

मग विजेचे गेज आले. तापमान वाढले की काही पदार्थांचा विद्युतरोध घटतो, हे फॅराडे यांनी १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडवर पाहिले होते. त्या गुणावर चालणारा थर्मिस्टर शंभर वर्षांनी व्यवहारात आला आणि पुढे सेन्सरच्या पोटात बसला. आता साक्ष तारेतून येऊ लागली, आणि तारेचे दोषही तिला चिकटले. १९६० च्या दशकातील कित्येक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्सच्या गेजना १० व्होल्टचा एक सामाईक स्टॅबिलायझर असे. तो बिघडला की पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच चुकत. दोन बखरी एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असतील, तर त्यांचे एकमत हा पुरावा ठरत नाही, तसेच हे.

तारेचा दोष ओळखायची खूण सोपी आहे. इंजिनातले कित्येक लिटर पाणी एका क्षणात तीस-चाळीस अंशांनी तापत नाही आणि निवतही नाही. काट्याने उडी मारली तर संशय कनेक्टरवर, अर्थिंगवर, सेन्सरवर. काटा सावकाश चढला-उतरला तर संशय इंजिनावर. सिग्नलला चढतो आणि वेग घेताच उतरतो? पंखा पाहा. थंड इंजिन सुरू केल्यावर बराच चढून एकदम खाली येतो? थर्मोस्टॅट अडकून उशिरा उघडत असावा.

यात एक आधुनिक गुंता आहे. काटा जरा हलला की ग्राहक घाबरतात, म्हणून अनेक कंपन्यांनी त्याला मुद्दाम मुका केला. अशा गाड्यांत तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बदलले तरी काटा मध्यावरच राहतो. म्हणजे आपण वाचतो ते मूळ साधन नसून संपादित प्रत आहे, आणि असा काटा हलला तर ते किरकोळ समजू नये. सेन्सरची खरी नोंद निदान-पोर्टला स्कॅनर जोडून वाचता येते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना अशी प्रमाणित सोय सक्तीची आहे.

नोंदही वर-खाली होत असेल, पातळी पुन्हा पुन्हा घटत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर उरतो हेड गॅस्केट. त्यासाठी मेकॅनिककडे एक निळा द्रव असतो. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर निळ्याचा पिवळा होतो.