महायुद्धकालीन वर्धा परिसरातील दैनंदिन जीवन : वैयक्तिक लेखनाचा साक्षीपुरावा (१९३९-१९४५)

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाचा भारतातील इतिहास प्रामुख्याने रणभूमी, वाटाघाटी आणि सत्तांतर या अंगांनी लिहिला गेला आहे. रणभूमीपासून दूर राहिलेल्या माणसाचा रोजचा दिवस त्यात क्वचितच येतो. वर्धा शहरालगतचे सिंदी (मेघे) हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. १९३५ मध्ये महात्मा गांधी मगनवाडीत राहत असताना मीराबेन व इतर सहकाऱ्यांनी ग्रामसफाईचे काम याच गावात केले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव, म्हणजे पुढचे सेवाग्राम, येथे राहावयास गेले. त्यामुळे महायुद्धाच्या काळात या परिसरात लिहित्या माणसांची वाण नव्हती. त्यांच्या लेखनातून युद्धकालीन जीवन कितपत आणि कोणाचे दिसते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

घरात शिरलेले युद्ध :
येथे बॉम्ब पडले नाहीत. युद्ध आले ते नाण्यांच्या आणि दिव्याच्या वाटेने. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, एक रुपयाची नोट चलनात आली आणि १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा हातात पडू लागला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशातील तांदूळ व तेल बंद झाले. खेड्यातील कंदील रॉकेलवाचून अडला. जपानशी व्यापार तुटल्याने आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक गेले आणि कापूस पिकविणाऱ्या या पट्ट्याला त्याची झळ बसली. १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळे एक तास पुढे केली गेली. रेल्वे व कचेऱ्या नव्या वेळेवर चालल्या. शेतीची कामे मात्र सूर्यावरच चालत राहिली.

महागाईचे मूळ मगनवाडीतील अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी नेमके ओळखले. ब्रिटनसाठी माल येथून उचलला जाई, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि येथे त्यापोटी नोटा छापल्या जात. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत हा आकडा ११०० कोटींपलीकडे गेला. ‘ग्रामउद्योग पत्रिका’तील अशा लेखनाबद्दल कुमारप्पांना तुरुंगवास घडला.

लिहिणारे आणि न लिहिणारे :
जमनालाल बजाज यांची रोजनिशी, जानकीदेवी बजाज यांचे आत्मकथन आणि गांधीजींची पत्रे ही या काळाची महत्त्वाची साधने होत. परंतु घटनांचा वेग असा की लिहिणारेच एकेक करून दूर झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला आणि त्यांना अटक झाली. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे निधन झाले. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव झाला. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्ये निवर्तले. दुसऱ्याच दिवशी, नागपंचमीला, वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर रक्त सांडले. सुशीला नय्यर यांची रोजनिशी पुढील काळ नोंदविते, पण ती पुण्याच्या बंदिवासातील आहे. म्हणजेच टंचाई सर्वांत तीव्र झाली त्याच वर्षांत गावाकडे पाहणारी लेखणी थांबली.

शिवाय आश्रमीयांची काटकसर हे स्वीकारलेले व्रत होते. सिंदीतील मजुराची काटकसर लादलेली होती. एकाने सोडलेले रॉकेल आणि दुसऱ्याला न मिळालेले रॉकेल यांची नोंद एकाच शब्दात करता येत नाही. ज्यांच्या गल्ल्या झाडल्या गेल्याचे इतिहासाला ठाऊक आहे, त्यांनी त्या काळी काय खाल्ले हे त्याला ठाऊक नाही.

समारोप :
वैयक्तिक लेखन हे युद्धकालीन जीवनाचे अमूल्य साधन आहे. मात्र ते साक्षरांचे साधन आहे. त्याला बाजारभाव, चलन व पीकपाण्याच्या नोंदींची आणि घराघरांतून सांगितल्या गेलेल्या आठवणींची जोड द्यावी लागते. तो काळ जाणतेपणी पाहिलेली माणसे आता नव्वदी ओलांडून गेली आहेत. ज्या पिढीने भोकाचा पैसा हाताळला, तिचे मौन कायमचे होण्यापूर्वी स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेणे अगत्याचे ठरते.