कोयनेची भेग

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. तो धक्का मुंबईपर्यंत जाणवला, तेव्हा गास-वसईकडच्या श्रोत्यांना ही गोष्ट अगदीच परकी नाही. घरे पडली, माणसे गेली. त्या दुःखाला गणिताचे माप लावावे असे आम्हांला वाटत नाही; आज आपण पाहू ती धरणाची भिंत. 103 मीटर उंचीची ही भिंत उभी राहिली, पण वरच्या भागात तिच्या दोन्ही अंगांवर आडव्या भेगा पडल्या. मागे शिवसागराचे पाणी, पुढे नदीकाठची वस्ती! भेग आणखी आत जाईल काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा उरला नव्हता.

भूकंपाचा जोर आराखड्यात गुरुत्वाच्या 5 टक्के धरला होता. धरणातील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने सुमारे निम्म्या गुरुत्वाएवढा नोंदला. पण भेगा पडल्या त्या कोठेही नव्हे. खालच्या अंगाचा उतार जेथे एकाएकी बदलतो, त्याच पातळीला पडल्या.

कोपरा ताण गोळा करतो, हे इंग्लिस यांनी 1913 मध्ये गणिताने दाखविले होते. आपल्या कापडवाल्याला ते ठाऊकच असते. तो काठाला कात्रीने जरासा छेद देतो आणि मग हातानेच टरकन फाडतो. 1921 मध्ये ग्रिफिथ यांनी काचेच्या तुटण्याचे कोडे बारीक भेगांवरून उलगडले. 1957 मध्ये अर्विन यांनी भेगेच्या टोकाशी एकवटणाऱ्या ताणाची तीव्रता एका संख्येत बसविली. ताण तोच राहून भेगेची खोली चौपट झाली, तर ही संख्या दुप्पट होते. पदार्थाला सोसवेल त्या मर्यादेपलीकडे ती गेली की भेग धावते.

पृष्ठभागावरची भेग मात्र चकवते. डोळ्यांना लांबी दिसते, खोली दिसत नाही. साध्या ओढीत लांब व उथळ भेगेचे सर्वांत धोक्याचे ठिकाण तिच्या तळाशी असते; अर्धवर्तुळाकार भेगेत ते पृष्ठभागालगतच्या टोकांशी येते. न्यूमन आणि राजू यांनी 1981 मध्ये संगणकाच्या साह्याने यासाठी सूत्रे दिली, ती आजही अभियंते वापरतात.

कोयनेला एवढी उसंत नव्हती. ज्या भागावरून पाणी सांडत नाही, त्याला 1973 मध्ये खालच्या अंगाने भरभक्कम आधार देण्यात आला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण 2006 मध्ये झाले. आणि भेगा कशा वाढतात याची नवी गणिते पडताळताना जगभरचे अभ्यासक आजही कोयनेच्या त्या पहाटेच्या नोंदी पुढ्यात घेतात.