पटावर नऊ पोरं

शहरात सध्या एक नवा शोध लागलाय. त्याला मायक्रोस्कूल म्हणतात. दहा-पंधरा पोरं, एक-दोन मास्तर, बंगल्यातली एखादी खोली. लहानथोर पोरं एकत्र बसतात, घंटा नाही, रांग नाही. २०२० च्या करोनानंतर अमेरिकेत या शाळांना जोर आला. आपल्याकडं शहरातल्या पैसेवाल्या आईबापांनी ती टूम उचलली. ज्यांना तेवढंही नको ते पोराला घरीच शिकवतात. मोठी शाळा पोराचं मन मारते म्हणे. मारत असेल. माझा सवाल एवढाच की, दहा पोरांची शाळा शहरात नवा शोध ठरते आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात तीच शाळा सरकारला परवडत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

मी गिरणीत सूत काढणारा माणूस. इतिहास कॉलेजात शिकलो नाही. रात्रपाळी करून दुपारी वाचनालयात बसून वाचला. जसा दिसला तसा मांडतो.

पहिली गोष्ट, छोटी शाळा ही या मुलखातली सगळ्यात जुनी शाळा. इंग्रज आला तेव्हा गावोगाव पंतोजीची शाळा होतीच. एक पंतोजी, एक ओसरी, धुळाक्षरं गिरवणारी बारा-पंधरा पोरं. कधी देवळात, कधी कुणाच्या वाड्यात. त्या ओसरीवर बामणाचं पोर होतं, वाण्याचं होतं. महारामांगाचं नव्हतं. ओसरी लहान म्हणून नव्हे, ती कुणाची होती म्हणून. शाळा छोटी असली की आपोआप मायेची होते असं जे आज सांगतात, त्यांनी ही ओसरी आठवावी. घरी शिकवणंही तसंच. ज्याच्या घरात पोथी होती त्याचं पोर घरी शिकलं. ज्याच्या घरात जातं आणि खराटा, त्यानं काय शिकायचं?

जोतिबा-सावित्रीबाईंनी १८४८ ला भिडेवाड्यात शाळा काढली, १८५२ ला वेताळपेठेत महारमांगांसाठी काढली. त्याही छोट्याच होत्या. पण इथं पहिल्यांदा शाळेची दारं आपल्या बाजूला उघडली. तीन वर्षांत, १८५५ ला, मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून धर्माला जाब विचारती झाली. त्याच साली फुल्यांनी राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५६ ला, धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला दार बंद केलं. सरकारी म्हणजे सगळ्यांची, हा भ्रम तेव्हाच फुटायला हवा होता.

म्हणून १८८२ ला हंटर कमिशनपुढं फुल्यांनी स्पष्ट मांडलं की महारमांगांच्या पोरांना इतरांबरोबर बसू देत नाहीत, तेव्हा जिथं त्यांची वस्ती मोठी तिथं त्यांच्या वेगळ्या शाळा काढा. आणि १९१९ ला कोल्हापुरात शाहू महाराजांनी बरोबर उलटा हुकूम काढला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एकाच शाळेत. आपली पोरं यावरून भांडतात, कुणाचं खरं? मला विचाराल तर दोघांचंही. फुल्यांच्या हातात सत्ता नव्हती, त्यांनी पोर आधी अक्षरापाशी बसवलं. शाहूंच्या हातात राज्य होतं, त्यांनी बसायची जागाच एक केली. प्रश्न शाळा केवढी हा नव्हता. पोराला तिथं कोण बसवतो आणि कुठं बसवतो, हा होता. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरनं नेलेल्या गोणपाटावर बसून धडे गिरवले. ती शाळा काही छोटी नव्हती.

आता आपल्या मुलखाकडं येतो. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा, ही त्याच्या तालुक्यांची नावं. १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पण तो ठराव इंग्रजी हद्दीचा. संस्थानाच्या वेशीवर तो थांबला. भोर १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा कुठं हा डोंगर पुणे जिल्ह्याच्या कागदावर आला.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात तोवर वेगळंच चाललं होतं. १९३८ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. जिथं लोकल बोर्डाची शाळा पोचत नव्हती अशा लहान गावांत एकेक मास्तर पाठवला. जागा गावाची, भाकरी बऱ्याचदा गावाची. अशा ५७८ शाळा झाल्या. पुढं सरकारचं अनुदान तुटलं आणि त्या रयतच्या हातून गेल्या. डोंगरातल्या शाळेचं हे कायमचं दुखणं. ती सगळ्यात शेवटी येते आणि पैसा आटला की सगळ्यात आधी जाते.

तसलीच एक शाळा माझी. २००० नंतर सरकारनं वस्तीशाळा काढल्या. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल तिथं वस्तीवरच वर्ग भरवायचा, आसपासचा शिकलेला पोरगा निमशिक्षक म्हणून घ्यायचा, मानधन सुरुवातीला महिना हजार रुपये. आमचा वर्ग समाजमंदिरात भरे. बौद्धवाडीची आम्ही पाच, धनगराची तीन, कातकऱ्याचं एक. सर बारावी झालेले, आमच्यातलेच. आवणीच्या दिवसात पोरं खाचरात लागायची, तर सर बांधावर येऊन पाढे म्हणवून घ्यायचे. धनगराची पोरं बकऱ्यांमागं गेली की शाळा संध्याकाळी. एका फळ्यावर चार इयत्ता. थोरल्यांनी धाकट्यांना वाचून दाखवायचं. याचे आज शहरात हजारो रुपये मोजतात. तिथं तर हजार रुपयांत माणूसच ठेवला होता! शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, मग वस्तीशाळांच्या नियमित शाळा झाल्या. निमशिक्षक नियमित व्हायला २०१४ उजाडलं.

मग वारं फिरलं. २०१७ ला दहापेक्षा कमी पोरांच्या सुमारे १,३०० शाळा गुंडाळायचं ठरलं. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचं पत्र निघालं. राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यात पोरं १ लाख ८५ हजार. नमुना म्हणून कोणती नावं दिली? नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपल्या वेल्ह्यातलं पानशेत. २०२४ ला या तालुक्याला राजगड नाव द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं. नाव मोठं झालं, पटाचं काय?

पानशेतची समूह शाळा मी उगाच शिव्या घालून उडवणार नाही. चांगली इमारत आहे, पोरं न्यायला बस आहे, खेळायला गडी आहेत. तीन पोरांच्या शाळेत खो-खो होत नाही. वेगवेगळ्या वाड्यांची पोरं एका बाकावर बसतात, हे शाहूंच्या हुकमाजवळचं आहे. आणि एकशिक्षकी शाळेचा मास्तर मिटिंगला गेला की शाळेला कुलूप, हेही खरं. कायदा साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक सांगतो.

पण बस नवी आहे तोवर ठीक. डिझेलचे पैसे थांबले तर? आषाढात ओढा रस्त्यावर आला तर? पोरगा चिखल तुडवत जाईल. पोरीला बाप म्हणंल, राहू दे घरी. आणि मग घरी शिकणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. धाकटं भावंडं सांभाळणं.

तेव्हा गावोगावच्या आपल्या पोरांनी दोन कामं करावीत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बाया, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तुमच्या वाडीच्या समितीत कातकरीण आहे का ते बघा. दुसरं, ज्या शाळेचं नाव यादीत आलंय तिथून नव्या शाळेपर्यंतची वाट चालून मोजा. नकाशावर नाही, पायानं. धरणाच्या पाण्याला वळसा घालून, दप्तर पाठीला लावून, जुलैत. जे किलोमीटर निघतील ते पोरींच्या नावासकट कागदावर लिहा आणि ग्रामसभेत वाचा. आमच्या वाडीची वाट या पावसाळ्यात मी मोजणार आहे, रजा टाकलीय. कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा.