हुकमाकडून विनंतीकडे : लॅपटॉपचे पॉवर बटण आणि दुरुस्तीचा हक्क

लॅपटॉपचे पॉवर बटण बिघडले की मोठी विचित्र अवस्था होते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा असे सारे काही धडधाकट असते. घर शाबूत असते, पण दाराची कडी सरकत नाही. बिघाड बहुधा किरकोळच असतो. बटणाखालचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा स्विच झिजलेला असतो, नाही तर त्याला जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी निसटलेली किंवा चिरलेली असते. असा सुटा स्विच काही रुपयांत मिळतो. तरीही त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अख्खे यंत्र उसवावे लागते आणि अनेकदा काही हजारांचे बिल हाती पडते. भागाची किंमत आणि दुरुस्तीची किंमत यांत एवढे अंतर कसे पडले, याचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात लाल रंगाच्या एका मोठ्या खटक्यापासून करता येते. १९८१ साली आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला हा खटका होता. तो खाली केला की वीजपुरवठा खरोखरच तुटे. त्यात मध्यस्थ कोणी नव्हता. माणसाचे बोट आणि विजेची तार एवढाच तो व्यवहार. त्याच यंत्रासाठी आयबीएमने एक तांत्रिक संदर्भपुस्तिकाही विक्रीस ठेवली होती. तीत यंत्राचे संपूर्ण सर्किट-आराखडे होते, इतकेच नव्हे तर यंत्र सुरू करणाऱ्या ‘बायॉस’ या मूळ प्रोग्रामच्या ओळीही छापलेल्या होत्या. हे औदार्य निर्हेतुक नव्हते. इतरांनी या यंत्रासाठी जोडकार्डे आणि प्रोग्राम तयार करावेत, हा त्यामागचा हिशेब होता. हेतू काहीही असो, ज्याला आराखडा वाचता येत होता त्याला यंत्र उघडता येत होते आणि उघडलेले यंत्र समजतही होते.

लॅपटॉपने हे समीकरण बदलले. १९८२ साली बाजारात आलेल्या ‘ग्रिड कंपास’ने पुस्तकासारखी मिटणारी घडण रूढ केली, बिल मॉग्रिज यांनी तिची रचना केली होती. मांडीवरचे यंत्र बॅटरीवर चालवायचे, तर वीज काटकसरीने वापरणे आले. काम नसताना पडदा मंद करायचा, डिस्क थांबवायची, यंत्राला झोपवायचे आणि जागे करायचे. ही कामे नुसत्या खटक्याने होण्यासारखी नव्हती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्यासाठी ‘एपीएम’ ही पद्धत आखली. १९९६ च्या अखेरीस तोशिबाही त्यांना येऊन मिळाली आणि ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध झाले. दरम्यान १९९५ मध्ये इंटेलच्या ‘एटीएक्स’ रचनेने टेबलावरच्या संगणकातही तोच बदल घडवला. त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ९५ बंद होताना ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवीत असे आणि खटका दाबायचे शेवटचे काम माणसाकडे उरे. नव्या रचनेत तेही काम यंत्राने आपल्याकडे घेतले.

तेव्हापासून बटण वीज तोडत नाही. ते फक्त निरोप देते. लॅपटॉपमध्ये एक छोटा नियंत्रक अखंड जागा असतो. बटण दाबले की दोन टोके क्षणभर जुळतात, नियंत्रकाला संकेत मिळतो आणि पुढे काय करायचे ते तो किंवा कार्यप्रणाली ठरवते : उठायचे, झोपायचे की दुर्लक्ष करायचे. पूर्वीचा हुकूम विनंतीवर आला. यंत्र गोठले असता बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की ते सक्तीने बंद व्हावे, अशी तरतूद एसीपीआय मानकात आहे. जुन्या हुकमाचा तेवढाच अवशेष उरला आहे. बटणावरच्या चिन्हातही हा बदल उमटला. चालूसाठी उभी रेघ आणि बंदसाठी वर्तुळ अशी दोन चिन्हे खटक्यावर असत. तुटक्या वर्तुळात शिरणारी रेघ हे चिन्ह आंतरराष्ट्रीय मानकात ‘स्टँडबाय’ म्हणजे सज्ज स्थितीसाठी होते. २००४ च्या ‘आयईईई १६२१’ या मानकाने तेच चिन्ह सरसकट ‘पॉवर’ या अर्थाने वापरावे असे सुचवले. यंत्र पुरते बंद होत नाही, ही गोष्ट जणू सर्वमान्य झाली.

आता या बटणाच्या दुरुस्तीकडे वळू. चार्जर काढायचा, तळाचे स्क्रू सोडवायचे. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून जाणता कारागीर कागदावर यंत्राची आकृती काढून ज्याचा त्याचा स्क्रू त्या जागी ठेवतो. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला, तर तो थेट सर्किटबोर्डात घुसू शकतो. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडा सोडवायच्या आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढायची. बटणाची पट्टी जिथे बसते तिथली चिमुकली खिट्टी नखाने उचलून पट्टी अलगद मोकळी करायची. मग मल्टिमीटर लावायचा. बटण दाबल्यावर तो वाजला, तर स्विच ठीक आहे आणि दोष पट्टीत किंवा बोर्डावर आहे. वाजला नाही, तर स्विच बदलायचा. निदानाचे तर्कशास्त्र एवढे साधे आहे. कठीण झाली आहे ती तिथवरची वाट.

ही वाट अवघड होण्याची काही कारणे रास्त आहेत. ग्राहकाला हलके, सडपातळ यंत्र हवे होते. स्क्रूपेक्षा गोंद कमी जागा घेतो. पण सगळीच कारणे तशी नाहीत. २००९ पासून ॲपलने आपल्या काही यंत्रांत पाच पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू वापरायला सुरुवात केली. त्याला लागणारा स्क्रूड्रायव्हर तेव्हा दुकानात सहज मिळत नव्हता. २०१२ च्या ‘रेटिना’ मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. २०१६ मध्ये त्याच मालिकेतल्या काही यंत्रांत पॉवर बटणातच बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक बसवला गेला आणि तो त्या यंत्रातील सुरक्षा-चिपशी जोडलेला असतो. म्हणजे दुसरे बटण बसवले, तरी त्याला यंत्राची ओळख पटवून द्यावी लागते, आणि ती ओळख पटवण्याची साधने निर्मात्याच्या हाती.

अशा जोडणीचा परिणाम आयफोनच्या बाबतीत न्यायालयापर्यंत गेला. बाहेर दुरुस्ती करून घेतलेले काही फोन अद्ययावत करताना ‘एरर ५३’ दाखवून निकामी झाले. इतरत्र दुरुस्ती केल्यामुळे आता तुमचा हक्क उरला नाही, असे ऑस्ट्रेलियातल्या किमान २७५ ग्राहकांना सांगण्यात आले होते. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने या दिशाभुलीबद्दल ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. सुरक्षेची गरज खरी असली, तरी तिच्या आडून मालकी काढून घेता येत नाही, असा या प्रकरणाचा अर्थ लावता येईल.

भागांइतकीच माहितीही कुलूपबंद झाली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या आयबुकसाठी दुरुस्ती-पुस्तिका मिळेना, तेव्हा त्यांनी ‘आयफिक्सिट’ सुरू करून स्वतःच पुस्तिका लिहायला घेतल्या. उलट २०१२ मध्ये तोशिबाने ऑस्ट्रेलियातल्या एका संकेतस्थळाला आपल्या लॅपटॉपच्या पुस्तिका स्वामित्वहक्काच्या आधारे काढून टाकायला लावल्या. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा कुठल्याही शहरातल्या दुरुस्तीच्या टेबलावर जे सर्किट-आराखडे उघडलेले दिसतात, ते बहुधा हातोहात फिरत आलेले असतात. जे १९८१ मध्ये पुस्तिकेत छापून विकले जात होते, ते आता चोरवाटेने मिळवावे लागते.

कायदा आता कुठे या प्रश्नाजवळ येत आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या दुरुस्ती-कायद्यावर स्वाक्षरी झाली. पण अखेरच्या तडजोडीत, सुरक्षेचे कारण असल्यास सुट्या भागाऐवजी जोडभागांचा संच देण्याची मुभा उत्पादकांना मिळाली. आपल्या विषयात ही पळवाट नेमकी बोचते : स्विच मागावा आणि कीबोर्डासकट वरचे सगळे आवरण विकत घ्यावे लागावे. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये, स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे दाद मागण्यात आली, पण तत्त्व नोंदले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तरी सरकारी दप्तरात ‘दुरुस्तीचा हक्क’ हे शब्द आले, हेही थोडे नाही.

आपल्याकडे वस्तू विकत घेतली की ती ‘आपली’ झाली असे आपण मानतो. पाट्याला टाकी लावून घेणे, भांड्याला कल्हई करणे, छत्रीची काडी बदलणे यांत कोणाची परवानगी लागत नसे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र मालकी पावतीवर असते आणि तिची कसोटी लागते ती बटण बिघडल्यावर. काही रुपयांच्या स्विचसाठी धडधाकट यंत्र भंगारात जाणार असेल, तर त्याला बिघाड म्हणता येणार नाही. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय यंत्र विकत घेणाऱ्याचा नसतो, एवढे या इतिहासावरून स्पष्ट होते.