बुरशीची साखर आणि डोळ्यातले फूल

ऊस म्हटला की कोल्हापूरकरांना साखर आणि गूळ आठवतो. उसाच्या फडात आणखी एक साखर असते, मात्र ती गोड नसते. ती असते बुरशीच्या पेशीभोवतीच्या भिंतीत.

पाचट काढताना करवतीसारख्या कडेचे पान डोळ्याला लागते. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, ओरखडा उठतो आणि पानावरची किंवा मातीतली बुरशी आत शिरते. भारतात शेतात राबणाऱ्यांच्या डोळ्यांत अशी जखम चिघळवणाऱ्या बुरशींमध्ये फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस प्रमुख आहेत.

बुरशीची भिंत मुख्यतः साखरेच्या साखळ्यांची असते. त्यातली बीटा-ग्लुकन ही साखळी ग्लुकोजचीच, पण तिची गुंफण माणसाच्या शरीरात कुठेच तयार होत नाही. त्यामुळे परका ओळखायला ती पक्की खूण ठरते. मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींवरचे डेक्टिन-१ हे प्रथिन ती ओळखते, हे २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवले. ओळख पटताच मॅक्रोफेज रासायनिक संदेश सोडतात, रक्तातून न्यूट्रोफिल पेशी धावून येतात, डोळा लाल होऊन ठणकतो. हाच दाह.

ॲस्परजिलसचे बीजाणू तर आपण रोजच श्वासावाटे आत घेतो. मग एरवी दाह का होत नाही? कारण कोरड्या बीजाणूवर प्रथिनाचे आणि रंगद्रव्याचे आवरण असते, ग्लुकन त्याखाली झाकलेले राहते. ओल मिळून बीजाणू फुगला, अंकुरला, की ते उघडे पडते.

न्यूट्रोफिल बुरशीला मारतात खरे, पण त्यांची विकरे पारपटलाचे तंतूही विरघळवतात. व्रण भरला तरी पांढरा डाग उरतो. गावाकडे यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात.

म्हणून दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब इथे घातक ठरतात. लाली ओसरते, बरे वाटते, आणि बुरशी मोकाट वाढते. नेत्रतज्ज्ञ आधी व्रणाची खरवड घेऊन तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. त्यात डोळ्याच्या पेशी विरघळतात, बुरशीची चिवट भिंत मात्र तशीच राहते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे दिसतात. मग बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब सुरू होतात, आणि ते कित्येक आठवडे घालावे लागतात.